पाकेर म्हणून हाक मार

इल्बिसिलपलीकडचं आपलं घर
२ नोव्हेंबर १९९७

पाकेर,

बातमी आधी सांगते, खुशाली मग विचारते. नाहीतर तू पत्राचा शेवट आधी वाचशील, तुझी खोड मला माहीत आहे. मामंजींनी तुझं नाव घेतलं. सहा वर्षांनी!

काल मेंढरं कुंपणात घेत होते. मामंजी काठीवर रेलून मोजत होते. एकदम म्हणाले, "ही पांढऱ्या कानाची रेसिआतोच्या मेंढीची पणती ना?" मी म्हटलं, हो. मग म्हणाले, "पुढची कोकरं पडली की येऊ दे तिला. पहिल्या दुधाला घरात असू दे. हातावर थुंकेन तिच्या." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि आत जाऊन रडले. बापाने तळहातावर थुंकून आशीर्वाद दिला की मागचं सगळं पुसलं, हे काय तुला सांगायला हवं? मामंजी आपल्या ज्या दोस्ताला तुला देणार होते, ज्याच्यापायी तू शाळेच्या कपड्यांनिशी पळालीस, तो म्हातारा गेल्या वर्षी वारला. तुझ्यावर रागवायचं कारण संपलं होतं, नुसती सवय उरली होती.

तुझा भाऊ गाई घेऊन डोंगराकडे गेलाय. परत आल्यावर पारमुआतला हे कळलं की तो नाचेल. आमची नाशिपाए विचारत होती, तुम्ही दोघी एकमेकींना एकच नाव का लावता? मी सांगितलं, मी लग्न होऊन आले तेव्हा कुंपणाच्या तोंडाशी अडून उभी राहिले. जनावर दिल्याशिवाय आत पाऊल टाकणार नाही, असं नव्या नवरीने अडायचंच असतं. सगळे हसत उभे, आणि आत्याने स्वतःची एकुलती एक मेंढी पुढे ढकलली. ज्यांच्यात मेंढी दिली-घेतली गेली त्या एकमेकींना नावाने हाक मारत नाहीत, पाकेर म्हणतात, मरेपर्यंत. तर म्हणते, मग मलाही एक मेंढी दे. आहे की नाही आत्यावर गेलेली?

मामंजींना वाचता येत नाही, पण तुझी पत्रं वाचून दाखव म्हणालेत, आणि माझीही पाठवण्याआधी. तेव्हा जपून लिही. वाह्यात काही नको.

तुझी पाकेर,
नोलारी


काजियाडो
११ नोव्हेंबर १९९७

पाकेर,

तुझं पत्र वाचत बसले आणि दुकान उघडायला उशीर झाला. मुतिसो डॉक्टर म्हणाले, "कोणी मेलं का घरी?" मी म्हटलं, "नाही, माझा बाप जिवंत झाला." ते बिचारे जनावरांचे डॉक्टर, त्यांना काही कळलं नाही. औषधाच्या बाटल्यांवरची धूळ पुसत राहिले नि मी एकटीच हसत राहिले.

आता मला नीट सांग. एडक्यांच्या पोटाखालची कातडी बाबांनी सोडली का? ती बांधलेली असेपर्यंत एडके काही करू शकत नाहीत, आणि कोकरं काही आभाळातून पडत नाहीत. कातडी सुटल्यापासून पाच महिने मी बोटांवर मोजायला तयार आहे. बाबांना सांग, तंबाखू आणीन. आणि नाशिपाएला सांग, मेंढी तिला मीच देणार.

तुझी पाकेर


घर
१२ डिसेंबर १९९७

पाकेर,

पत्राला उशीर झाला, कारण रस्ताच राहिलेला नाही. असा पाऊस मामंजींनीही जन्मात पाहिला नाही म्हणतात. जिथे धूळ उडायची तिथे तळी झालीत, आणि डास इतके की बोलायला तोंड उघडलं तर दोन-चार आत जातात.

वाईट बातमी अशी, की मामंजी कातडी सोडायला तयार नाहीत. म्हणतात, या चिखलात कोकरं जगायची नाहीत, पुढच्या वर्षी बघू. कातडं बांधायचा-सोडायचा मान घरच्या म्हाताऱ्याचा, मी कोण बोलणार? तुझं येणं वर्षभर लांबलं, असं ते सहज बोलून गेले, गालात तंबाखू धरून.

दुसरं म्हणजे, नाल्यापलीकडच्या किरिस्वांच्या कळपात एका आठवड्यात चाळीस मेंढ्या गाभडल्या. एकीचाही गाभ टिकला नाही. लहान कोकरं तर उभी उभी आडवी झाली. कोणी म्हणतं नजर लागली, कोणी म्हणतं नवं गवत बाधलं. तुझ्या डॉक्टरांना विचार.

आणखी एक. एवढी ओळ मी मामंजींना वाचून दाखवताना गाळणार आहे. तू पिशवी भरून ठेव. एप्रिलच्या मध्यावर ये. कसं ते विचारू नकोस.

तुझी पाकेर


काजियाडो
२२ डिसेंबर १९९७

पाकेर,

हे पत्र नीट वाच आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखव.

डॉक्टर म्हणतात, ही नजर नाही आणि गवतही नाही. पाणी साचलं की जे डास होतात ते हा रोग मेंढीपासून मेंढीला नेतात. साथ उत्तरेकडे फार मोठी आहे, माणसंही तापाने आणि रक्त जाऊन मेली आहेत. तेव्हा गाभडलेलं कोकरू उघड्या हाताने उचलू नका. तू तर मुळीच नको, मेंढ्यांचं बाळंतपण नेहमी तूच करतेस. आजारी जनावर मरायच्या आत कापून खायची घाई करू नका. दूध उकळून प्या. जनावरांचं रक्त पिऊ नका, बाबा ऐकणार नाहीत, तरी सांग.

यावर लस आहे. दुकानात थोड्याच बाटल्या आल्यात. मी दोन मिळवू शकेन. पण एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. ही लस गाभण मेंढीला चालत नाही. जिवंत लस आहे, पोटातल्या गाभाला तीच खाते. गाभडतात, नाहीतर कोकरं वेडीवाकडी जन्मतात. एडक्यांना कातडी बांधलेली आहेत म्हणतेस, तरी एकदा खात्री कर. एकही मेंढी गाभण असेल तर तिला सुई लावायची नाही. मला उलट टपाली कळव, मगच बाटल्या पाठवते.

एप्रिलचं काय म्हणतेस ते समजलं नाही. पण पिशवी भरली.

तुझी पाकेर


घर
७ जानेवारी १९९८

पाकेर,

पत्र वाचून दाखवलं. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डास चावून मेंढी गाभडते?" मी म्हटलं, असं डॉक्टर म्हणतात. तर म्हणाले, "मला काल रात्रीत शंभर चावले. माझं काय पडणार, दात? ते तर आधीच पडलेत." पारमुआत पोट धरून हसला. रक्त पिण्याचं ऐकून मात्र चिडले. म्हणाले, शहरात जाऊन पोरगी आता बापाला जेवायला शिकवणार.

पण लस हवी म्हणाले. स्वतःहून म्हणाले. किरिस्वांचं अर्धं कुंपण रिकामं झालंय, त्यांची म्हातारी मेंढ्यांची नावं घेत फिरते, ते बघवत नाही. मामंजी म्हणाले, "माझ्या पोरीने मागवलंय ना, मग येऊ दे." माझी पोरगी म्हणाले, पाकेर.

मेंढ्या गाभण नाहीत. एडक्यांना कातडी घट्ट आहेत. तू लवकर पाठव.

तुझी पाकेर


काजियाडो
१८ जानेवारी १९९८

पाकेर,

मंगळवारच्या बाजाराच्या गाडीने थर्मास पाठवतेय. आत बर्फात दोन बाटल्या आहेत. उन्हात ठेवू नका, उघडली की त्याच दुपारी संपवा. पारमुआतने आजवर शेकडो सुया टोचल्यात, त्याला शिकवायला नको. किती औषध घ्यायचं ते बाटलीवर रेघ मारून दिलंय.

परत लिहिते, कंटाळू नकोस. गाभण असेल तिला नको. शंका असेल तिलाही नको. राहिली तर राहू दे.

तुझी पाकेर


घर
२४ फेब्रुवारी १९९८

पाकेर,

सगळ्या मेंढ्यांना टोचलं. पारमुआतने धरलं, मी औषध भरून दिलं, मामंजी बाजूला बसून प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवत होते. किरिस्वांच्या अकराच उरल्या. आपली एकही मेली नाही. मामंजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, माझ्या मुलीचं औषध.

बाकी ठीक. काळजी करू नकोस. लिहायला विशेष काही नाही.

तुझी पाकेर


काजियाडो
१० मार्च १९९८

पाकेर,

चार ओळींचं पत्र? तुझ्याकडून? तब्येत बरी आहे ना?

यापुढे पत्र वांगुईच्या चहाच्या टपरीवर पाठव. दुकानात हल्ली पत्रं इकडे-तिकडे होतात. "माझ्या मुलीचं औषध" ही ओळ मी टपरीवर वांगुईला दाखवली. तिने फुकट चहा दिला. एप्रिल जवळ आला. खरंच येऊ का?

तुझी पाकेर


घर
२२ एप्रिल १९९८

रेसिआतो,

मामंजींनी सांगितलं म्हणून नावाने लिहिते आहे.

मेंढ्या व्यायल्या. पावसाने एका एडक्याचं कातडं सैल झालं असावं, असं घरात सगळ्यांनी धरलंय. फेब्रुवारीत सहा गाभडल्या होत्या, ते मी तुला कळवलं नाही. उरलेल्या गेल्या आठवड्यात व्यायल्या.

कोकरांच्या माना पाठीकडे वळलेल्या. पुढचे पाय गुडघ्यात आवळलेले, ओढूनही सरळ होईनात. तशी ती आत अडकली आणि चार मेंढ्या वेणा देऊन देऊन गेल्या. पांढऱ्या कानाची मला उरलेल्यांत सगळ्यात लाडकी, तिचं कोकरू जिवंत निघालं. पण त्याला दिसत नव्हतं. डोकं एका बाजूला टाकून पाय मारत राहायचं. ती त्याला चाटायची, नाकाने ढोसायची, उठ म्हणायची. दोन दिवस हटली नाही. तिसऱ्या दिवशी मामंजींनीच त्याला संपवलं.

पुढचं त्यांच्या शब्दांत लिहिते. "तिला लिही, गाभण मेंढीला हे औषध विष आहे असं बाजारात डॉक्टरचा माणूस सांगत होता. औषधाच्या दुकानात बसणाऱ्या मुलीला ते माहीत नव्हतं? एका शब्दाने सांगितलं नाही. सहा वर्षांपूर्वी माझी मान खाली घालायला लावली, आता माझा कळप बुडवला. तिच्या मेंढीच्या वंशातली जी उरलीत ती मी बाजारात पाठवली. मेंढी गेली, आता पाकेर कोण कोणाची? तिने इकडे येऊ नये."

पत्र त्यांना वाचून दाखवलं आहे.

नोलारी


काजियाडो
१ मे १९९८

बाबा,

हे पत्र नोलारी तुम्हाला वाचून दाखवेल.

तुम्ही म्हणता ते खरं आहे. गाभण मेंढीला ती लस चालत नाही, हे मला माहीत होतं. तुम्हाला कळवायला हवं होतं. गडबडीत लिहायचं राहून गेलं. चूक माझी आहे, घरात दुसऱ्या कोणाची नाही. कळपाचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही बोलवाल तेव्हाच येईन.

तुमची मुलगी,
रेसिआतो


घर
१९ जुलै १९९८

काय म्हणून हाक मारू ते मला कळत नाही, म्हणून जागा कोरी सोडते.

मामंजी गेले. गेल्या गुरुवारी, सकाळच्या उन्हात. पावसातला खोकला छातीत बसला होता, थंडी पडल्यावर तो उतरलाच नाही.

हे पत्र मी कोणालाही वाचून दाखवलेलं नाही. वाचून दाखवायला आता कोणी नाही.

एडक्याचं कातडं मी सोडलं होतं. पाऊस सैल करत नाही ते, तुझ्या बापाच्या हातची गाठ होती. मामंजी पुढच्या वर्षी बघू म्हणाले आणि मला राहवलं नाही. पुढच्या वर्षी ते असतील की नाही, त्यांचा विचार बदलेल की काय, सारखं मनात यायचं. नोव्हेंबरच्या मध्यावर मेंढरं चरायला नेली तेव्हा नाल्याकाठी मोठ्या एडक्याचं कातडं सोडलं. आठ दिवस रोज सोडायची, कुंपणात शिरायच्या आत परत बांधायची. मला वाटलं एप्रिलमध्ये कोकरं पडतील, मामंजींना शब्द पाळावा लागेल आणि तू येशील. तुझ्यासाठी म्हणून केलं, असं आता लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

मग तुझं लशीचं पत्र आलं. मामंजी समोर बसून ऐकत होते. मी "गाभण" या शब्दापाशी आले. ती ओळ गाळली. खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला तिथूनच माहेरी धाडलं असतं आणि नाशिपाए त्यांच्याकडे राहिली असती. पलीकडे किरिस्वांची मेंढरं रोज मरत होती. मला वाटलं, औषध ते औषध. रोगाने सगळ्याच जाणार असतील तर सुईने काय वाईट व्हायचं आहे? रेसिआतो उगाच घाबरते. म्हणून तुला खोटं लिहिलं. दुसऱ्या पत्रातली ओळही गाळली. दोन्ही वेळा तू लिहिलं होतंस. दोन्ही पत्रं माझ्याकडे आहेत.

मे महिन्यात तुझं पत्र आलं. "लिहायचं राहून गेलं." ते मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. माझा आवाज फुटला. ते म्हणाले, "तू का रडतेस? मेंढ्या तुझ्या गेल्या म्हणून?" मी हो म्हटलं. अशी मी आहे.

शेवटच्या सकाळी त्यांना बाहेर उन्हात आणलं. मी एकटीच जवळ होते. कानाशी वाकून सगळं सांगितलं. कातडं मी सोडलं, ओळी मी गाळल्या, तुमच्या मुलीने दोनदा लिहिलं होतं. डोळे मिटलेलेच होते. वाटलं, ऐकलं नाही. मग त्यांनी माझा हात चाचपडून धरला, तळवा वर केला आणि ओठ पुढे केले. पण तोंडात ओलच नव्हती. नुसती हवा आली. माझ्यासाठी होती की तुझ्याकडे पोहोचवायला सांगत होते, की नुसती धाप होती, मला कळलं नाही. ऊन चढायच्या आत ते गेले. तो हात मी संध्याकाळपर्यंत कशाला लावला नाही.

पारमुआतला सांगितलं. तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, "तिला लिही." तेवढंच.

तू उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन.

नोलारी


काजियाडो
२७ जुलै १९९८

पाकेर,

जागा कोरी कशाला सोडलीस?

बाबा गेल्याचं वांगुईच्या टपरीवर उभ्याने वाचलं. तिने स्टूल दिलं. सहा वर्षं त्या हातांचा राग केला आणि आता डोळ्यांसमोर फक्त ते हातच येतात, मेंढ्यांच्या पाठीवरून फिरताना. माझ्या तळव्याला ते लागले नाहीत. हे दुःख माझं आहे, ते तुला वाटून घेता येणार नाही, आणि घेऊही नकोस.

बाकी मला एप्रिलमध्येच कळलं होतं. तुझ्या पत्रात "एका शब्दाने सांगितलं नाही" हे वाचलं आणि समजले, की तू ती ओळ वाचलीच नाहीस. मग मागे पाच महिने मोजले. नोव्हेंबरचा मध्य. आणि तुझं ते "पिशवी भरून ठेव, कसं ते विचारू नकोस." न कळायला मी काय दुधखुळी आहे?

मी रागावले नाही असं खोटं लिहिणार नाही. खूप रागावले. तुला शिव्या देणारी तीन पत्रं लिहिली आणि वांगुईच्या चुलीत घातली. त्या दोन बाटल्या मी डॉक्टरांना न विचारता उचलल्या होत्या, दुसऱ्या कोणासाठी आल्या होत्या त्या. कळल्यावर त्यांनी मला दुकानातून काढलं. टपरीचा पत्ता त्यासाठी. मी इथे कपबशा धुते. तेव्हा लपवाछपवी तू एकटीनेच केली असं समजू नकोस.

मग चौथं पत्र लिहायला बसले तेव्हा विचार केला, खरं लिहिलं तर तुला ते वाचून दाखवावं लागेल. तुझ्याच तोंडाने. आणि मग तू बाहेर. मी तर आधीच बाहेर होते. दोघीही बाहेर गेलो असतो तर बाबांना दूध कोणी दिलं असतं, नाशिपाएचे केस कोणी काढले असते? म्हणून लिहिलं, राहून गेलं.

त्या कोरड्या ओठांचं तू लिहिलंस. ती हवा माझ्यासाठी होती असं मी धरून चालते. तुझ्यासाठीही होती. दोघींना पुरेल.

मी पुढच्या मंगळवारी येते. बाजाराची गाडी इल्बिसिलपर्यंत, तिथून चालत. कुंपणाच्या तोंडाशी उभी राहीन, तू उभी होतीस तशीच, आणि जागची हलणार नाही. मला मेंढी देऊ नकोस, तुझ्याकडे उरली कुठे? आतून फक्त पाकेर म्हणून हाक मार. मी येईन आत.

तुझी पाकेर,
रेसिआतो